सर, पोट दुखतंय

पावसाळ्यात मध्यरात्रीनंतर जमिनीवर झोपलेल्या मुलाला मण्यार चावली, तर पुष्कळदा ते मूल जागेही होत नाही. घोणस चावली की आग होते, भराभर सूज चढते, माणूस ओरडून उठतो. मण्यारीचा दंश बारीक असतो. नंतर शोधूनही खूण सापडत नाही आणि सूजही येत नाही. तास-दोन तासांनी मूल उठते आणि म्हणते, पोट दुखतंय. कधी उलटी होते. मग पापण्या जड होतात, उघडू म्हटले तरी उघडत नाहीत. बोलणे बोबडे होते, थुंकी गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू काम थांबवतात. पोटदुखीपासून इथपर्यंत काही तासांचाच अवधी असतो. या अवधीत मूल दवाखान्यात पोचले, प्रतिसर्पविष मिळाले आणि गरज पडली तेव्हा कृत्रिम श्वास देणारे कोणी असले, तर ते वाचण्याची शक्यता चांगली असते. मुलाला प्रतिसर्पविषाची मात्रा मोठ्या माणसाइतकीच द्यावी लागते, कारण साप लहान मुलाला चावताना विष कमी सोडत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतली चौथ्या हिश्श्याहून जास्त १५ वर्षांखालची मुले होती.

हे मूल घरी असेल तर आईला उठवेल. आश्रमशाळेत असेल तर कोणाला उठवेल?

खांडबारा हे नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्याचे बाजाराचे गाव. सुरतेहून जळगाव-भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे स्टेशन आहे, गावात ग्रामीण रुग्णालय आहे आणि भोवती डोंगर-नाल्यांत विखुरलेले पाडे आहेत. वस्ती मुख्यतः भिल्ल, मावची, कोकणी समाजांची. २०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यातल्या दर १० माणसांपैकी जवळपास ७ आदिवासी होती. दिवाळी झाली की या पट्ट्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, म्हणून मुले आश्रमशाळेत राहिली तर आईबापांना हायसे वाटते. राज्यात आदिवासी विकास विभागाच्या सुमारे ५०० शासकीय आणि साधारण ५५० अनुदानित आश्रमशाळा आहेत. तिथे सहा-सात वर्षांचे मूल वर्षाचे बहुतेक दिवस राहते, जेवते, झोपते, आजारी पडते. मुख्याध्यापक, अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी, कामाठी एवढी माणसे मिळून शेकडो मुलांचे आईबाप होतात.

शालेय सुरक्षा म्हटले की शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे गेटवरचा वॉचमन, गळ्यातले ओळखपत्र, जिन्यावरचा कॅमेरा येतो. मी या प्रकरणासाठी खांडबाऱ्याचा परिसर धरला, कारण इथे या साधनांच्या आड लपता येत नाही. इथे रात्री दोन वाजता व्यवस्था म्हणजे एक अधीक्षक, एक मोबाइल, १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर आणि पावसाने धुतलेला रस्ता. गेल्या दोन-अडीच दशकांत शाळांत जे मोठे घात झाले, त्यांची हकिगत वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. संकटाची पहिली खबर बहुतेक वेळा मुलाने दिलेली होती. ती खबर खात्याच्या नमुन्यात नव्हती, नीट मांडलेलीही नव्हती, पण दिलेली होती. पुढच्या काही मिनिटांत तिचे काय झाले, यावर सारे ठरले.

बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेतले दुपारचे जेवण खाऊन २३ मुले दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. स्वयंपाकीण तेलाच्या रंगाबद्दल, वासाबद्दल बोलली होती. चव वेगळी लागते, असे मुले म्हणाली होती. मुख्याध्यापिकेने ते मनावर घेतले नाही, आणि २०१६ मध्ये न्यायालयाने तिला दोषी धरून शिक्षा दिली. त्यानंतर देशभर नियम कडक झाले. मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने चव घ्यायची आणि तशी नोंद करायची. आज महाराष्ट्रातल्या शाळेत चव नोंदवही असते आणि ती भरलेली असते. पण एखाद्या दिवशी शिक्षकाने चव घेतली, त्याला काही खटकले आणि त्याने २०० मुलांची खिचडी ओतून दिली, तर त्या दिवशी मुले काय खातील आणि त्या धान्याचा हिशोब कोण देईल? या प्रश्नाचे उत्तर नोंदवहीत नसते. जोवर ते उत्तर शिक्षकाला माहीत नाही, तोवर तो चव घेईल, सही करेल आणि वाढेल. स्वयंपाकघर दूर असले की हे आणखी अवघड होते. पालघर जिल्ह्यात कांबळगावच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून अनेक आश्रमशाळांना जेवण जात असे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथले जेवण खाल्ल्यावर वेगवेगळ्या आश्रमशाळांतली दोनशेहून अधिक मुले आजारी पडली. अशा रचनेत एका शाळेतल्या मुलाचे ‘वास येतोय’ हे बोलणे बाकीच्या शाळांतले हात थांबवण्याइतके वेगाने पोचायला हवे. त्यासाठी एक फोन पुरेसा आहे, पण तो कोणी कोणाला करायचा हे आधी ठरलेले असावे लागते.

इमारतींची गोष्ट याहून साधी आणि म्हणून अधिक संताप आणणारी आहे. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी सरकारी शाळेचे छत कोसळून ७ मुले ठार झाली. वरून खडे पडत आहेत असे आम्ही सांगितले होते आणि आम्हाला गप्प बसवले, असे वाचलेल्या मुलांनी सांगितले. धोकादायक शाळांची यादी प्रशासनाने आधी मागवली होती. त्या यादीत ही शाळा नव्हती. आपल्याकडे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचे छत ऑगस्ट २०१७ मध्ये पावसात कोसळले आणि ३ मुले गेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केलेल्या प्रत्येकाला ‘निर्लेखन’ हा शब्द माहीत असतो. जुनी खोली पाडायची तर आधी तिचे निर्लेखन मंजूर व्हावे लागते. प्रस्ताव, बांधकाम विभागाचा अभियंता, पाहणी, मंजुरी, मग पाडकाम, आणि नवी खोली त्याच्याही नंतर. खोलीचे मूल्य, वय आणि उरलेले आयुष्य ठरवणारी ही पद्धत सरकारी मालमत्तेच्या रक्षणासाठी जन्मली. मुलांच्या डोक्यावर काय पडते आहे, या प्रश्नासाठी ती केलेलीच नव्हती. मुख्याध्यापकाला खोली पाडता येत नाही हे समजण्यासारखे आहे. पण खोलीला कुलूप लावून वर्ग झाडाखाली घेण्यासाठी त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नसावी, आणि त्याबद्दल त्याला कोणी बोलू नये. पिपलोदीत एवढे घडले असते तर ती मुले आज शाळेत असती.

आता बदलापूर. सुरक्षेची बहुतेक साधने जिथे हाताशी होती, अशा शहरातली ही शाळा. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या पूर्वप्राथमिक वर्गातल्या दोन चिमुकल्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाला. आरोपी बाहेरच्या संस्थेमार्फत १ ऑगस्टला सफाईच्या कामावर लागलेला होता. मुलीने घरी सांगितले ते तिच्या वयाच्या भाषेत, म्हणजे दुखतंय असे. घरच्यांनी विश्वास ठेवला, डॉक्टरकडे नेले आणि मग पोलीस ठाण्यात गेले. तिथे त्यांना तासन् तास ताटकळावे लागले. गुन्हा नोंदला गेला तो १६ ऑगस्टला. २० ऑगस्टला हजारो लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि दिवसाचा मोठा भाग लोकल थांबल्या. दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्टला, शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. महिन्याभरात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, विद्यार्थी सुरक्षा समिती, घटना घडल्यास २४ तासांत वरिष्ठांना कळवणे, असे सगळे त्यात होते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि २२ ऑगस्टला सुनावणी घेतली. न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने पोलिसांना आणि शाळेला खडसावले. मुलींना काय करू नये हे शिकवतो, तसे मुलग्यांनाही शिकवा, असेही न्यायालयाने सुचवले.

या शासन निर्णयातली बरीच कलमे नवी नव्हती. तक्रारपेटीचा आदेश २०१७चा आहे आणि सखी सावित्री समितीचा मार्च २०२२चा. त्या शाळेत कॅमेरे होते, पण हव्या त्या दिवसांचे चित्रण मिळाले नाही. म्हणजे जी साधने बसवा असा आदेश नंतर निघाला, त्यांतली काही तिथे आधीच असायला हवी होती आणि काही प्रत्यक्ष होती. चारित्र्य पडताळणीतून फार तर पूर्वी पकडला गेलेला माणूस ओळखता येतो. तक्रारपेटीत चिठ्ठी टाकायला लिहिता यावे लागते आणि त्या मुली चार वर्षांच्या होत्या. कॅमेरा शौचालयाच्या आत लावता येत नाही, लावूही नये. एवढ्या लहान मुलींना शौचालयात नेताना बाईमाणूस सोबत असणे हा उपाय सगळ्यांत साधा होता आणि नेमका त्याला पगार लागतो. आरोपी २३ सप्टेंबरला पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मेला, काही लोकांनी पेढे वाटले, आणि राज्यातल्या हजारो बालवाड्यांत मुलीला शौचालयात कोण नेते हा प्रश्न तसाच राहिला. मला त्या पेढ्यांचा राग येत नाही. त्यांमागे लोकांची हताशा होती. राग येतो तो याचा की एवढ्या लोकक्षोभातून मुलींच्या सोबतीला बाईची एक पगारी जागा प्रत्येक शाळेत निर्माण करून घेता आली नाही.

बाललैंगिक अत्याचाराबाबतचा २०१२चा कायदा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, या बाबतीत स्पष्ट आहे. असा गुन्हा घडल्याचे कळले, किंवा घडेल अशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हाच गुन्हा आहे आणि संस्थाचालकाला त्याची शिक्षा अधिक आहे. शाळेने आधी आपली चौकशी करावी, संस्थेच्या बैठकीत विषय घ्यावा, मग ठरवावे, असे कायदा म्हणत नाही. तरीही पहिली प्रतिक्रिया हीच असते. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका निवासी शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण २०१९ मध्ये उघड झाले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला माहिती असूनही त्याने पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यापुरता गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि तातडीने कळवण्याच्या कर्तव्यावर हा सारा कायदा उभा आहे, असे बजावले. हा निकाल प्रत्येक गृहपालाला, अधीक्षकाला आणि शाळेत तपासणीला जाणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला मराठीत वाचून दाखवायला हवा. खांडबाऱ्याच्या भागात तर जास्तच, कारण इथे मुलीचे आईबाप कधी बारडोलीकडच्या फडावर असतात, शाळेच्या रजिस्टरातला मोबाइल नंबर पाड्यावरच्या काकाचा असतो, आणि शाळेने गप्प बसायचे ठरवले तर तिच्या बाजूने ठाण्यात जाऊन बसणारे कोणी उरत नाही.

मुलींच्या रक्षणासाठी वसतिगृहांत जे सर्वांत आधी केले जाते ते म्हणजे रात्री दार बंद करणे, आणि कुठे कुठे बाहेरून कडी. हेतू चांगला असतो, पण त्या एका कडीमुळे आग, साप आणि आजारपण या तिन्ही वेळी मुली आत अडकतात. तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला १६ जुलै २००४ रोजी आग लागली तेव्हा ९४ मुले होरपळून मेली. गवती छप्पर, अरुंद जिना, बाहेर पडायला वाट नाही. त्या घटनेवरून झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. २४ मे २०१९ला सुरतेच्या सरथाणा भागात तक्षशिला आर्केडमधल्या शिकवणी वर्गाला आग लागली. जिना पेटला, अग्निशमन दलाच्या शिडीची वाट पाहणे शक्य राहिले नाही, मुलांनी वरून उड्या टाकल्या आणि २२ जण गेले. सुरत म्हणजे खांडबाऱ्याच्या माणसाला गाडीत बसले की येणारे शहर, कामाचे आणि दवाखान्याचे. तिथे एवढे मोठे अग्निशमन दल असून हे झाले. पाड्यावरच्या आश्रमशाळेत आग लागली तर बंब येईपर्यंत जे व्हायचे ते होऊन जाणार. म्हणून तिथे सुरक्षेचा पहिला प्रश्न अग्निशामक सिलिंडरची तारीख हा नसतो. किल्ली रात्री कोणाकडे असते आणि ती बाई त्याच इमारतीत झोपते का, हा असतो.

जगाकडे पाहताना जपानची दोन शहरे सोबत ठेवावी लागतात. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी मोठा भूकंप झाला. इशिनोमाकी शहरातल्या ओकावा प्राथमिक शाळेत मुले शिस्तीत मैदानावर आली. इमारत टिकली होती, कोणाला इजा नव्हती. शाळेच्या मागेच टेकडी होती. शाळेच्या आपत्ती पुस्तिकेत त्सुनामी आल्यास जवळच्या मोकळ्या जागेत किंवा बागेत जावे, असे मोघम लिहिले होते, पण अशी जागा कोणती हे लिहिले नव्हते. मोठी माणसे चर्चा करत राहिली. टेकडीवर चला असे काही मुले म्हणाली होती, हे नंतर समोर आले. जवळपास ५० मिनिटे मैदानात गेली आणि मग नदीतून वर चढलेल्या लाटेने त्यांना गाठले. शाळेच्या १०८ मुलांपैकी ७४ आणि शिक्षकांपैकी १० जण गेले. पालकांनी खटला भरला. वरच्या न्यायालयाने २०१८ मध्ये दोष त्या दिवशीच्या शिक्षकांपुरता ठेवला नाही. शाळा आणि शिक्षण मंडळ यांनी आधीच नीट नियोजन केले नव्हते, असे म्हटले, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो निकाल कायम झाला.

त्याच किनाऱ्यावर कामाइशी शहरात तोशिताका कातादा या प्राध्यापकांनी काही वर्षे शाळांत शिकवले होते. धोक्याच्या नकाशावर आंधळा विश्वास ठेवू नका, त्या क्षणी शक्य ते सारे करा, आणि सर्वांत आधी तुम्ही पळा. उनोसुमाई भागातली माध्यमिक शाळेची मुले त्या दिवशी कोणाच्या आदेशाची वाट न पाहता धावली. त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुले धावली. ठरलेल्या जागी पोचल्यावर ती जागाही धोक्याची वाटली, म्हणून सगळी आणखी वर गेली. मोठ्यांनी लहानांचे हात धरले होते. त्या शहरातली जवळपास ३,००० शाळकरी मुले वाचली. शिस्त दोन्ही शाळांत होती. कामाइशीत मुलाच्या डोळ्यांना आणि पायांना निर्णयाचा अधिकार दिलेला होता, आणि तो सराव करून मुरवलेला होता.

नवापूर तालुक्याला त्सुनामी ठाऊक नाही, पण एका रात्रीचा पाऊस काय करतो हे ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावलीने आणि सरपणीने दाखवले आहे. तेव्हा घरे वाहून गेली आणि माणसे गेली. अशा भागात पावसाळ्यातला सर्वांत अवघड निर्णय दुपारी दोन वाजता घ्यावा लागतो. आभाळ भरून आले की मुले घाबरतात, शिक्षकांनाही आपापल्या गावी पोचायचे असते, आणि शाळा लवकर सुटते. सुटलेली मुले पाड्याकडे निघतात तेव्हाच नाला चढत असतो आणि फरशी पुलावरून पाणी वाहू लागलेले असते. पाणी कुठे चढते हे शिक्षकापेक्षा त्या वाटेने रोज येणारी चौथीतली मुलगी अचूक सांगते. तिला विचारून कोणती मुले सोडायची आणि कोणती शाळेत थांबवायची ही यादी जूनमध्येच करता येते. मुले रात्रभर थांबवायची तर धान्य, चुली आणि दोन मोठी माणसे लागतील. तो खर्च आणि ती परवानगी पावसाआधी लेखी मिळालेली असावी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत स्थानिक धोके ओळखून आराखडा करा असे आहेच. प्रत्यक्षात एकाच साच्याचे आराखडे शाळाशाळांत फिरतात. भूकंपात टेबलाखाली बसा असे त्यांत लिहिलेले असते आणि ज्या शाळेत मुले सतरंजीवर बसतात तिथेही ते तसेच लावलेले असते.

प्रवासाचेही तसेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिवाळीची सुटी संपवून शाळेत परतणाऱ्या मुलांची बस अक्कलकुवा तालुक्यात देवगोई घाटात आमलीबारीजवळ दरीत कोसळली आणि त्यात विद्यार्थ्यांचा जीव गेला. सुटीला जाणे आणि सुटीहून येणे हे निवासी शाळेच्या वर्षातले सर्वांत जोखमीचे दिवस आहेत. तरी सुरक्षेच्या आराखड्यात फाटकाच्या आतल्या जागेचाच नकाशा असतो.

पुन्हा त्या दुखण्याकडे येऊ, कारण नंदुरबारमध्ये ‘अंग दुखतंय’ या तक्रारीला आणखी एक अर्थ आहे. सातपुड्याच्या या पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा येतात. बाहेरून काही दिसत नाही. अशा मुलाला ताप आला तर तो साधा ताप समजायचा नसतो, कारण त्याची प्लीहा बहुधा निकामी झालेली असते आणि जंतुसंसर्ग काही तासांत जीवघेणा ठरू शकतो. थंडीत, पाणी कमी प्यायल्यावर, खूप धावल्यावर कळा वाढतात. शाळेच्या भाषेत असे मूल ‘नाटकी’ ठरते. ते परेडला येत नाही, कामे टाळते, सारखे झोपते. त्याची तपासणी झालेली असते, कार्डही असते, पण कार्ड पेटीत किंवा घरी असते आणि रात्री ड्युटीवर असलेल्या अधीक्षकाला ते माहीत नसते. त्यात पहिलीतले मूल मावची बोलणारे आणि अधीक्षक जळगाव-धुळ्याकडचा असला, तर कळ कुठे आणि कशी येते हे सांगण्याआधीच मूल गप्प होते. वरच्या वर्गातल्या त्याच बोलीच्या मुलीला किंवा मुलाला अशा वेळी सोबत बोलावणे ही लहानशी सवय आहे. ती ज्या शाळेत आहे तिथे मुले आजार लपवत नाहीत.

आश्रमशाळांतल्या मृत्यूंची चौकशी करण्यासाठी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती आणि तिचा अहवाल २०१६ मध्ये आला. गेल्या काही दशकांत या शाळांत शेकडो मुले गेली आहेत. त्यांत ताप आहे, साप आहे, बुडणे आहे, विजेचा धक्का आहे, आणि कारण नीट न नोंदलेले मृत्यूही आहेत. यांतले बहुतेक मृत्यू वर्तमानपत्रात आतल्या पानावर येतात. बदलापूर मुंबईच्या लोकलवर होते म्हणून राज्य थांबले. खांडबाऱ्याच्या पुढच्या पाड्यावर मूल गेले तर मालगाडीही थांबत नाही. एवढा फरक मान्य करूनच या विषयात बोलायला हवे.

मग तपासायचे काय? तपासणीला येणारा अधिकारी कॅमेरे मोजतो, समितीचे फलक वाचतो, सिलिंडर पाहतो. त्याने १० मुलांना एकेक करून बाजूला घ्यावे आणि विचारावे: रात्री तुला काही झालं तर कोणाला उठवशील? नाव घेऊन उत्तर आले आणि बहुतेकांनी एकच नाव घेतले, तर तिथे व्यवस्था आहे. ‘कोणालाच नाही’ किंवा ‘सकाळी सांगेन’ असे उत्तर आले, तर भिंतीवर काहीही रंगवलेले असो, तिथे व्यवस्था नाही. मग त्या नावाच्या माणसाला विचारावे: रात्री दोन वाजता मूल न्यायचे ठरले तर गाडी कोणाची, भाडे कोण देते, उरलेल्या मुलांजवळ कोण थांबते? अधीक्षक एकटाच असेल तर तो जाऊ शकत नाही. तो गेला आणि मागे काही झाले तर तोच निलंबित होतो. रिक्त पदे हा प्रशासनाचा विषय वाटतो, पण रात्री मूल वाचणे किंवा न वाचणे त्यावरच अवलंबून असते. खाटा आणि मच्छरदाण्या हीसुद्धा सुरक्षेचीच साधने आहेत, कारण मण्यार जमिनीवर झोपलेल्यालाच बहुधा चावते, आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी सापालाही अडवते. ग्रामीण रुग्णालयात प्रतिसर्पविष आहे का आणि रात्री डॉक्टर मुक्कामी आहे का, हे शाळेने दर महिन्याला फोन करून विचारावे आणि उत्तर लिहून ठेवावे.

आणखी एक गोष्ट करायला हवी, ती नियमात बसवायला अवघड आहे. रात्री धावपळ करून दवाखान्यात नेलेल्या १० मुलांपैकी बहुतेकांना साधा अपचनाचा त्रास निघेल. सकाळी अधीक्षक परत येईल तेव्हा त्याला कोणी हसू नये, भाड्याच्या पावतीवर शेरा मारू नये, मुलाला कोणी ‘नाटकी’ म्हणू नये. उलट ही नोंद शाळेच्या बाजूने धरली जावी. मुलाच्या पोटदुखीवर विश्वास ठेवून निघालेल्या गाड्या किती, हा आकडा आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या तक्त्यात असावा, आणि ज्या शाळेत शेकडो मुले राहतात पण वर्षभरात रात्री एकही गाडी निघालेली नाही, तिथे प्रकल्प अधिकाऱ्याने सर्वांत आधी जावे.